पाकीट पाण्यात टाकण्याआधी: ब्रिटिश काळातली टपाल तिकिटं आणि शिक्के कसे ओळखावेत

घरातल्या जुन्या कागदांत ब्रिटिश काळातलं एखादं पाकीट सापडलं की नव्या माणसाचा हात आधी तिकिटाकडे जातो. कोपरा कापायचा, पाण्यात टाकायचा, तिकीट सुटलं की वाळवून अल्बममध्ये लावायचं. मीही पहिली दोन वर्षं हेच केलं. ती तिकिटं माझ्याकडे अजून आहेत, पण पत्रं कुठून निघाली, कोणत्या वाटेने गेली आणि किती दिवसांत पोहोचली हे आता कोणालाच सांगता येणार नाही. त्याची हळहळ वाटते, म्हणून नव्याने सुरुवात करणाऱ्याला मी पहिली गोष्ट ही सांगतो: आधी वाचा. तिकिटावरून ते साधारण कधी छापलं आणि किती किमतीचं होतं ते कळतं. ते पत्र कोणत्या दिवशी कोणत्या गावात होतं ते शिक्क्यावरून कळतं. दोघांचा मेळ बसतो की नाही हे तपासायचं, तर दोघं एकाच कागदावर असायला हवेत.

हाताशी काय हवं

दहापट मोठं दाखवणारं भिंग, तिकिटांचा सपाट टोकाचा चिमटा, कडेचे दात मोजायची पट्टी, काळ्या तळाची छोटी ताटली आणि मऊ पेन्सिल. बोटांचा घाम कागदाला लागतो, म्हणून चिमट्याची सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्या. चिकटपट्टी मात्र या टेबलाच्या आसपासही नको. तिचा डिंक काही वर्षांत कागदात मुरतो आणि पिवळा डाग कायमचा राहतो.

ते टपालाचंच तिकीट आहे ना?

राणीचं चित्र आणि आण्यांतली किंमत दिसली म्हणजे टपाल तिकीट, असं नसतं. कोर्ट फी, पावती, हुंडी आणि परदेशी बिलं यांचीही तिकिटं निघत, आणि जुन्या दस्तांवर तीच जास्त सापडतात. त्यांच्यावर बहुधा शाईची सही, आडवी रेघ किंवा कचेरीचं भोक असतं. तिकिटावर इंग्रजीत ‘पोस्टेज’ लिहिलंय का, ते पाहा. १९०६ पासून अर्ध्या आण्याच्या आणि एका आण्याच्या तिकिटावर ‘पोस्टेज अँड रेव्हेन्यू’ असा मजकूर आला, म्हणजे तेच तिकीट पत्रालाही चाले आणि पावतीलाही. अशा तिकिटावर सही दिसली तर ते पावतीवरून आलेलं असणार.

एक अपवाद लक्षात ठेवा. १८६६ मध्ये सहा आण्यांची टपाल तिकिटं कमी पडली, तेव्हा परदेशी बिलाच्या तिकिटांची वरची आणि खालची पट्टी कापून त्यांवर हिरव्या शाईत ‘पोस्टेज’ छापण्यात आलं. त्यामुळे वर-खाली कापलेलं आणि असा छाप असलेलं तिकीट हाती आलं तर ते फाटकं समजून बाजूला टाकू नका.

देश कोणता?

ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटांवर ‘ईस्ट इंडिया’ किंवा ‘इंडिया’ असं असतं. नुसता राजा किंवा राणी आहे, देशाचं नावच नाही आणि किंमत पेनी-शिलिंगमध्ये आहे, तर ते खुद्द ब्रिटनचं. चिकटवायचं तिकीट जगात पहिल्यांदा त्यांनी १८४० मध्ये काढलं आणि त्यावर देशाचं नाव न घालण्याची रीत त्यांनी पुढेही ठेवली. पोर्तुगीज हिंदुस्थानच्या म्हणजे गोव्याच्या तिकिटांवर किंमत रेईस किंवा टांगांत असते, फ्रेंच वसाहतींच्या तिकिटांवर फ्रेंच मजकूर असतो. गठ्ठ्यात परदेशी तिकिटं निघाली तर काही नावं पाठ असलेली बरी: ‘हेल्व्हेशिया’ म्हणजे स्वित्झर्लंड, ‘माग्यार’ म्हणजे हंगेरी, ‘सुओमी’ म्हणजे फिनलंड, ‘स्व्हेरिये’ म्हणजे स्वीडन. जुन्या जपानी तिकिटांवर सोळा पाकळ्यांचं शेवंतीचं फूल शोधा.

चेहरा, मजकूर आणि रंग

हिंदुस्थानातलं, आणि आशियातलंही, पहिलं चिकटवायचं तिकीट म्हणजे सिंध डाक. सिंधचे कमिशनर बार्टल फ्रिअर यांनी ते १ जुलै १८५२ रोजी सुरू केलं. किंमत अर्धा आणा. ही तिकिटं फार थोडी उरली आहेत आणि नकला पुष्कळ आहेत, त्यामुळे पहिल्याच गठ्ठ्यात ते सापडलं असं वाटलं तर आनंद थोडा आवरून जाणकाराला दाखवा.

संपूर्ण देशात चालणारी तिकिटं १८५४ च्या ऑक्टोबरात आली. कलकत्त्याच्या सर्व्हे ऑफिसात कॅप्टन थ्युलियर यांच्या देखरेखीखाली ती दगडी छपाईने काढली गेली. अर्धा आणा निळा, एक आणा लाल, आणि चार आण्याचं तिकीट लाल चौकट व निळं डोकं असं दोन रंगांत, दोनदा छापलेलं. या दोनदा छापण्यात काही तिकिटांवर राणीचं डोकं चौकटीत उलटं बसलं. जगातल्या नामांकित चुकांमध्ये त्याची गणना होते. या सगळ्या तिकिटांच्या कडांना दात नाहीत, ती कात्रीने कापून वापरली जात. चार आण्याचं तिकीट लोक अष्टकोनी चौकटीलगतच कापत, म्हणून आज चारही बाजूंना मोकळी जागा असलेला नमुना दुर्मीळ आणि मोलाचा.

१८५५ पासून लंडनच्या दे ला रू कंपनीने छापलेली, दातेरी कडांची तिकिटं येऊ लागली. तिथून पुढची ओळख नवख्यालाही जमते:

‘ईस्ट इंडिया पोस्टेज’ असा मजकूर असेल, तर तिकीट १८८२ च्या आधीच्या मालिकेतलं.

‘इंडिया पोस्टेज’ आणि व्हिक्टोरिया असेल, तर १८८२ नंतरचं.

अर्ध्या आण्याचा रंगही मदत करतो. ‘ईस्ट इंडिया’च्या काळात तो निळा होता, १८८२ च्या मालिकेत हिरवा झाला. भिंग न लावता, दोन हातांवरून ओळखता येईल असा हा फरक आहे.

टक्कल, दाढी, डोक्यावर मुकुट नाही, मुकुट चित्राच्या वरच्या बाजूला: सातवा एडवर्ड, १९०२ पासून. दाढी आणि डोक्यावरच मुकुट: पाचवा जॉर्ज, १९११ पासून. दाढी-मिशा नसलेला तरुण चेहरा: सहावा जॉर्ज, १९३७ पासून. राजा बदलला म्हणून जुनी तिकिटं लगेच रद्द होत नसत, हे विसरू नका. एडवर्डच्या काळातल्या पत्रावर व्हिक्टोरियाचं तिकीट दिसलं तर त्यात वावगं काही नाही. उलटं दिसलं तर मात्र खोटेपणाचा संशय घ्यायला हरकत नाही.

सहाव्या जॉर्जच्या १९३७ च्या मालिकेबद्दल मला विशेष जिव्हाळा आहे. टपाल कसं कसं जातं त्याची चित्रं तिच्यात आहेत: डाक घेऊन पळणारा हरकारा, बैलगाडी, टांगा, उंट, आगगाडी, आगबोट, मोटार आणि विमान. ही तिकिटं फार महाग नाहीत. नव्या माणसाने पहिला पूर्ण संच जमवायचा तर तो हा जमवावा.

किंमत वाचताना जुना हिशोब डोक्यात ठेवा: १२ पै म्हणजे एक आणा, १६ आणे म्हणजे एक रुपया. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले, त्यामुळे तिकिटावर नवे पैसे असतील तर ते स्वतंत्र भारताचं.

वॉटरमार्क आणि दात

चेहरा आणि मजकूर तोच, पण छपाई वेगळ्या काळातली, असं असेल तेव्हा वॉटरमार्कची, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेल्या खुणेची, आणि दातांची गरज पडते. तिकीट पालथं करून काळ्या ताटलीत ठेवा आणि तिरप्या उजेडात पाहा. नाहीच दिसलं तर लायटरमध्ये भरायच्या शुद्ध द्रवाचे दोन थेंब टाका. खिडकी उघडी असावी आणि आसपास ज्योत नसावी. कागद ओला झाला की खूण गडद दिसते आणि वाळल्यावर नाहीशी होते.

१८५४ च्या दगडी छपाईच्या तिकिटांत ईस्ट इंडिया कंपनीचं चिन्ह संपूर्ण तावभर पसरलेलं होतं, त्यामुळे एकट्या तिकिटात त्याची एखादीच रेघ येते किंवा काहीच येत नाही. १८६५ पासून प्रत्येक तिकिटामागे हत्तीचं डोकं. १८८२ पासून एक चांदणी. १९२६ मध्ये छपाई नाशिकच्या छापखान्यात आली, तेव्हापासून एका चांदणीऐवजी छोट्या चांदण्यांची नक्षी. पाचव्या जॉर्जचं साधं तिकीट लंडनचं की नाशिकचं, हे एवढ्यावरून ठरतं. अंधारात हत्तीचं डोकं पहिल्यांदा उमटताना पाहिलं तो दिवस मला चांगला आठवतो.

दात मोजताना तिकीट पट्टीवरून सरकवत न्या आणि दोन सेंटिमीटरमध्ये किती दात बसतात ते पाहा. हिंदुस्थानच्या दे ला रू तिकिटांवर बहुतेक १४ येतील. फार वेगळा आकडा आला, किंवा दात चारही बाजूंना सारखे नसले, तर कडा नव्याने पाडल्या असण्याची शक्यता असते.

वरून छापलेली अक्षरं

मूळ तिकिटावर काळ्या शाईत अक्षरं छापलेली दिसली की ते तिकीट कोणासाठी होतं ते कळतं. ‘सर्व्हिस’ (१८६६ पासून) आणि ‘ऑन एच. एम. एस.’ (१८७४ पासून) म्हणजे सरकारी कामाचं टपाल. १९१२ मध्ये पाचव्या जॉर्जच्या तिकिटांवर पुन्हा ‘सर्व्हिस’ आलं. ‘सी. ई. एफ.’ म्हणजे १९०० मध्ये चीनला गेलेली फौज, ‘आय. ई. एफ.’ म्हणजे पहिल्या महायुद्धात बाहेर गेलेली हिंदी फौज. छपाईऐवजी बारीक भोकांनी पाडलेली अक्षरं असतील तर ती व्यापारी कंपन्यांची, कारकुनांनी तिकिटं चोरू नयेत म्हणून पाडलेली.

मग संस्थानं. चंबा, फरीदकोट, ग्वाल्हेर, जिंद, नाभा आणि पतियाळा या सहा संस्थानांनी टपाल करार केला होता. ब्रिटिश हिंदुस्थानच्या तिकिटावरच संस्थानाचं नाव छापलं जाई आणि ते तिकीट देशभर चाले. ग्वाल्हेरच्या तिकिटांवर इंग्रजीसोबत देवनागरीतही नाव असतं, त्यामुळे ती आपल्याला चटकन सापडतात. बाकीच्या अनेक संस्थानांनी आपली स्वतःची तिकिटं काढली, पण ती संस्थानाच्या हद्दीतच चालत. पत्र हद्दीबाहेर जायचं असेल तर ब्रिटिश हिंदुस्थानचं तिकीटही लावावं लागे. अशी दोन राज्यांची तिकिटं एकत्र असलेलं पाकीट मिळालं तर ते तसंच जपा.

संस्थानी तिकिटांवर इंग्रजी नसेल तर चित्र पाहा. त्रावणकोरचा शंख, अलवरची कट्यार, दतियाचा गणपती. हैदराबादच्या जुन्या तिकिटांवर किंमत इंग्रजी, उर्दू, तेलुगू आणि मराठी अशा चार भाषांत आहे, आणि निजामाच्या तिकिटाच्या कडेला मराठी वाचताना फार बरं वाटतं. आपल्याकडच्या भोर संस्थानानेही १८७९ मध्ये अर्ध्या आण्याचं आणि एका आण्याचं तिकीट काढलं होतं. काही संस्थानी तिकिटांवर संवताचा आकडा असतो. त्यातून ५७ वजा केले की इसवी सन जवळपास येतं.

आता शिक्का

खरा रस इथून सुरू होतो. शिक्क्याची दोन कामं असत. एक तिकीट खराब करायचं, म्हणजे कोणी ते धुऊन पुन्हा वापरू नये. दुसरं, गाव आणि तारीख नोंदवायची. सुरुवातीला दोन्ही कामांना दोन वेगळे ठसे होते. त्यामुळे १८५४ नंतरच्या काळातल्या तिकिटावर नुसते ठिपके, रेघा किंवा एखादा आकडा दिसतो आणि गावाचं नाव पाकिटावर दुसरीकडे असतं. पाकिटातून तिकीट काढलं की हा दुवा तुटतो.

आकड्यांनाही अर्थ आहे. प्रत्येक टपाल कचेरीला क्रमांक होता. रेघांमध्ये ‘बी’ अक्षर आणि खाली १७२ असेल तर ते तिकीट सिंगापूरला वापरलं गेलं, कारण तेव्हा तिकडची टपालव्यवस्था बंगालच्या हाताखाली होती. नुसतं १२४ असेल तर एडन. हिंदुस्थानची तिकिटं बसरा, बगदाद, मस्कत, बुशायर, झांजिबार इथेही चालत. दिसायला अगदी साधं अर्ध्या आण्याचं तिकीट अशा एका आकड्यामुळे महत्त्वाचं ठरतं, म्हणून गठ्ठ्यातली साधी तिकिटंही एकेक करून भिंगाखाली घाला. ब्रह्मदेश आणि एडन १ एप्रिल १९३७ ला वेगळे झाले. त्या दिवसानंतर तिथे हिंदुस्थानची नुसती तिकिटं दिसू नयेत.

नंतर दोन्ही ठसे एका दांड्याला जोडले गेले: डावीकडे तारखेचं वर्तुळ, उजवीकडे तिकीट काळं करणाऱ्या रेघा. १८८० नंतरच्या दशकांत चौकटीतलं वर्तुळ हा प्रकार फार दिसतो. वर्तुळाच्या चार कोपऱ्यांत वक्र रेघा भरून चौकोन केलेला असतो. विसाव्या शतकात दोन वर्तुळांचा शिक्का सर्रास झाला.

महिन्याची इंग्रजी अक्षरं दोनच असतात आणि तिथे चूक होते. ‘एम-वाय’ म्हणजे मे, ‘एम-आर’ म्हणजे मार्च, ‘जे-वाय’ म्हणजे जुलै, ‘जे-ए’ म्हणजे जानेवारी. वर्षाचे शेवटचे दोनच आकडे असतील तर शतक तिकिटावरून ठरवा.

गावांची स्पेलिंगं उच्चारून वाचली की उलगडतात. ‘टन्ना’ म्हणजे ठाणे, ‘कुर्राची’ म्हणजे कराची, ‘रत्नाघेरी’ म्हणजे रत्नागिरी, ‘कॉनपोर’ म्हणजे कानपूर, ‘उंबाला’ म्हणजे अंबाला. जितकं चमत्कारिक स्पेलिंग, तितका शिक्का जुना असण्याची शक्यता जास्त.

शिक्क्यातल्या इतर शब्दांकडेही लक्ष असू द्या. ‘बेअरिंग’ म्हणजे पैसे न भरलेलं पत्र, ज्याचे दुप्पट पैसे घेणाऱ्याला मोजावे लागत. ‘पोस्ट पेड’ म्हणजे आधीच भरलेलं. तिकिटांपूर्वीच्या काळात तो ठसा साधारणपणे लाल असे आणि बेअरिंगचा काळा. ‘एक्स्पेरिमेंटल पी. ओ.’ म्हणजे चालतंय का ते पाहण्यासाठी उघडलेली कचेरी. ‘टी. पी. ओ.’ आणि ‘आर. एम. एस.’ म्हणजे पत्र धावत्या गाडीत वर्गवारी होऊन गेलं. ‘एफ. पी. ओ.’ म्हणजे फौजेची कचेरी. ‘डी. एल. ओ.’ म्हणजे पत्ता न लागलेल्या पत्रांचा मुक्काम. ‘सी पोस्ट ऑफिस’ म्हणजे मुंबई-एडन बोटीवर, समुद्रात, कारकुनांनी वर्गवारी केलेलं टपाल. ही व्यवस्था १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाल्यावर थांबली. आणि जांभळट शाईत विमानाचं चित्र व ‘फर्स्ट एरियल पोस्ट’ असं दिसलं तर ते १८ फेब्रुवारी १९११ चं. हेन्री पेके या फ्रेंच वैमानिकाने त्या दिवशी अलाहाबादहून यमुनेपलीकडे नैनीला साडेसहा हजारांच्या आसपास पत्रं नेली. सरकारी टपाल विमानाने नेण्याची जगातली ही पहिली वेळ.

एक कार्ड वाचून पाहू

माझ्यासमोर पाव आण्याचं तपकिरी पोस्टकार्ड आहे. वर छापलंय ‘ईस्ट इंडिया पोस्ट कार्ड’ आणि खाली इंग्रजीत सूचना, की या बाजूला फक्त पत्ता लिहावा. म्हणजे कार्ड १ जुलै १८७९ नंतरचं, कारण आपल्याकडे पोस्टकार्ड तेव्हा सुरू झालं. पत्ता मोडीत आहे, गावाचं नाव मात्र कोणीतरी लाल शाईत इंग्रजीत पुन्हा लिहिलंय. टपाल कचेरीतल्या कारकुनाने वर्गवारीसाठी लिहिलं असावं.

तिकिटाच्या छापावर चौकटीतलं वर्तुळ आहे. साताऱ्याचं नाव नीट वाचता येतं, महिन्याच्या जागी ‘एन-ओ’ म्हणजे नोव्हेंबर, पण वर्षाचा दुसरा आकडा पुसट: ८३ किंवा ८८. मागे पत्राच्या सुरुवातीला मिती दिलीय: कार्तिक वद्य ५, शके १८१०. शकात ७८ मिळवले की १८८८. प्रश्न सुटला. दुसरा शिक्का पुण्याचा, दुसऱ्या दिवसाचा, म्हणजे कार्ड एका दिवसात पोहोचलं. मोडी शिकलेल्या माणसाला मजकुरातून आणखी पुष्कळ कळेल. आपल्या भागातल्या पत्रांची ही सोय दुसरीकडच्या संग्राहकाला नाही. मिती आणि मोडी यांचा अभ्यास थोडा जरी असला तरी पुसट शिक्के बोलू लागतात.

भिजवायचंच असेल तर

पाकिटाचा आधीच कापलेला कोपरा असेल, मागे काही नसेल आणि शिक्काही अपुरा असेल, तर भिजवा. कोमट पाणी, तिकीट वर, कागद खाली. पंधरा-वीस मिनिटांत ते आपोआप सुटतं, ओढू नका. मग दोन टीपकागदांत घालून वर जाड पुस्तक ठेवा. रंगीत पाकिटाचे तुकडे वेगळ्या भांड्यात घाला, त्यांचा रंग उतरतो. काश्मीरची सुरुवातीची तिकिटं पाण्याच्या रंगांत छापलेली होती. ती पाण्यात टाकली तर हाती कोरा कागद येईल. संस्थानी तिकीट ओळखू येईपर्यंत ओलं करूच नये.

खोटं कसं उघडं पडतं

नकली तिकिटात छपाईच्या रेघा भिंगाखाली फाटलेल्या किंवा आजच्या छापखान्याच्या ठिपक्यांच्या बनलेल्या दिसतात. काश्मीर आणि सिंध डाक यांच्या नकला सर्वांत जास्त. शिक्का खोटा असेल तर तो बहुधा तिकिटाच्या काठावर संपतो, खालच्या कागदावर पुढे जात नाही. शाई एका कोनातून चमकत असेल, शिक्क्यातली तारीख तिकीट निघण्याआधीची असेल, किंवा दर जुळत नसेल, तर पैसे देण्याआधी थांबा. व्हिक्टोरियाचं अर्ध्या आण्याचं साधं तिकीट प्रचंड संख्येने छापलं गेलं. शंभर वर्षं जुनं आहे एवढ्याच कारणाने कोणी त्याला मोठी किंमत सांगत असेल तर ती देऊ नका.

नोंद

प्रत्येक पाकीट आम्लविरहित प्लॅस्टिकच्या पिशवीत उभं ठेवा आणि सोबत पेन्सिलने लिहिलेली चिठ्ठी घाला. पाकिटावर काहीही लिहू नका. चिठ्ठीत एवढं असावं: तिकीट, किंमत, वॉटरमार्क, पुढचे शिक्के आणि मागचे शिक्के वेगवेगळे, तारखेच्या क्रमाने, पत्ता कोणत्या लिपीत, मिती असल्यास मिती. जे वाचता आलं नाही तिथे अंदाज न भरता रिकामी जागा सोडा. त्याच कचेरीचा स्वच्छ शिक्का पुढे कधीतरी दुसऱ्या पाकिटावर मिळतो, तेव्हा ती भरता येते.